उबोराव आणि उभ्याचा फोटो

त्यांचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटात होतं, बाकी कुठे ते ऐकू यायचं नाही. डिचोलीच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात ते एक्सरे काढायचे. पेशंट दारातून आत आला की त्यांचा पहिला हुकूम सुटायचा, "उबो राव." कोकणीत त्याचा अर्थ इतकाच, की उभा राहा. पण कोल्हापूरकडून बांधकामावर आलेला एक गवंडी बाहेर येऊन मला कौतुकाने म्हणाला, "ते आत उबोराव म्हणून हाईत न्हवं, लई भला माणूस. गेल्या गेल्या आपलं नाव सांगितलं बघा." मला हसू आवरलं नाही आणि नर्सांना ते नाव आवरलं नाही. आठवड्याभरात स्वीपरपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना उबोराव म्हणायला लागले, आणि तेही त्या हाकेला ओ देऊ लागले.

पायाचा एक्सरे झोपवून काढायचा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. घोटा किंवा टाच दुखत असेल तर माणसाला उभं करूनच फोटो घ्यायचा, तोही मागून, दोन्ही टाचा एका फिल्मवर येतील असा, हा त्यांचा हट्ट होता. नडगीचं हाड सरळ खाली आलं की टाच त्याच्या खाली आहे की बाजूला कलंडली आहे, ते तेव्हाच दिसतं. कुठल्याशा जुन्या सर्जनने त्यांना हे तरुणपणी शिकवलं होतं. मला ते म्हणायचे, "निजून काडिल्लो फोटो निजिल्ल्या मनशाचो. दुखता तो चलपी मनशाचो पांय." दुखतो तो चालत्या माणसाचा पाय, असं त्यांचं म्हणणं. मी नुकतीच हाडांची डॉक्टर होऊन पेडण्याहून आले होते. मला वाटायचं, या गृहस्थांना फिल्म वाया घालवायची हौस आहे.

मशीन फार खाली उतरायचं नाही, म्हणून पेशंटलाच वर चढवावं लागे. त्यासाठी त्यांनी सर्वणच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा, दीड वीत उंचीचा भक्कम पाट करून घेतला होता. "पाटार यो," असं ते म्हणाले की निम्मी माणसं चप्पल काढून त्यावर मांडी घालून बसायची. नार्व्याची एक आजी तर बसून पदर सावरून ताटाची वाट बघावी तशी आमच्याकडे बघत राहिली. उबोरावांनी तिला उठवलं नाही. शेजारी उकिडवे बसून तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग हात धरून हळूच उभं केलं.

खरी अडचण फोटो या शब्दाची होती. एक्सरेला आमच्याकडे सगळे फोटोच म्हणतात, आणि फोटो म्हटलं की माणूस केस सारखे करतो, छाती काढतो, पाय जुळवतो. दुखऱ्या पायावरचं वजन गुपचूप चांगल्या पायावर जातं आणि टाच शहाण्यासारखी सरळ होते. "फोटो पांयाचो काडटां, तोंडाचो न्हय," असं उबोराव कितीदा सांगायचे, पण उपयोग शून्य. मग त्यांनी आपली युक्ती काढली. वाया गेलेल्या फिल्मची एक पट्टी ते टाचेखाली सरकवत आणि ओढून बघत. पट्टी अलगद सुटली तर त्या पायावर वजन नाही. मग गप्पा सुरू. भात किती झालं, वास्कोची बस आज वेळेवर होती का, लेकीचं जमलं का. त्या दिवसांत कोकणी की मराठी यावरून बाहेर भांडणं अजून पुरती निवली नव्हती. आत हे मालवणीवाल्याशी मालवणीत, घाटावरच्याशी मराठीत बोलत बोलत पट्टी ओढत बसायचे. पट्टी घट्ट बसली की पडद्याआड जाऊन बटण. फोटो कधी निघाला हे पेशंटला कळायचंही नाही.

ते निवृत्त झाले, पुढे काही वर्षांनी वारले. मी अंत्यदर्शनाला पोहोचू शकले नाही, याची मला आजही खंत वाटते. पण बाबलची गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी सांगून झालं असं होणार नाही.

बाबल मूळचा सिंधुदुर्गातला, इथल्या खाणीवर ट्रक चालवायचा. टपावरून उडी मारताना त्याचा डावा घोटा मोडला. प्लास्टर काढल्यावर मी झोपवून काढलेला एक्सरे बघितला, हाड छान जुळलं होतं, आणि कामावर जायला हरकत नाही असं सर्टिफिकेट दिलं. महिन्याभरात तो तीनदा परत आला. चढावर क्लच दाबून धरवत नाही, पाय सुटतो, म्हणाला. मागे ट्रक, खाली माणसं. ठेकेदाराने त्याला सांगून टाकलं होतं, डॉक्टरने बरा म्हटलंय, ट्रक चालव नाहीतर गावी जा. खरं सांगायचं तर मलाही तो अंग चोरतोय असंच वाटत होतं.

उबोरावांनी त्याला पाटावर चढवलं. मी मुद्दाम समोर उभी राहिले. फिल्म धुऊन आली, दोन्ही टाचा सरळ. मी म्हटलं, "बघितलंत?" पट्टी ओढताना ती सुटली होती, हे उबोरावांनी पाहिलं होतं, तरी माझ्यासमोर तोही फोटो काढला होता. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमी मात्शें भायर रावात. तुमकां पळयल्यार तो सरळ जाता."

मला बघितलं की तो सरळ होतो म्हणे! राग आला, पण गेले बाहेर. आतून गणपतीला गावी कोण कोण येणार याच्या गप्पा ऐकू येत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी दोन्ही ओल्या फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. दुसऱ्या फिल्ममध्ये डावी टाच साफ बाहेर कलंडली होती. हाड जुळलं होतं, पण टाचेला आतून उचलून धरणारी शीर निकामी झाली होती, आणि मी झोपलेला पाय बघून त्या माणसाला चढावर पाठवलं होतं.

उबोरावांनी पहिल्या फिल्मवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. "एक तुमचो, एक ताचो."

पुढे बाबलच्या पायाचं ऑपरेशन झालं. तोपर्यंत ठेकेदाराने त्याला वर्कशॉपात ठेवलं, आणि वर्षभराने तो पुन्हा ट्रकवर चढला. पण त्या दिवशी मी त्याला आत बोलावलं आणि जरा चिडूनच विचारलं, "अरे, दुखत होतं तर माझ्यासमोर नीट का नाही उभा राहिलास?"

तो खाली बघत म्हणाला, "डॉक्टरीणबाय, तुमी बरो झालो म्हणान लिवन दिलास. मी वाकडो उभो रवलंय तर तुमी खोट्या पडतल्यात."

मी तिथेच जुनं सर्टिफिकेट मागून घेतलं आणि नवीन लिहिलं. चूक कबूल करायला त्या फॉर्ममध्ये रकाना नसतो. म्हणून ती मी त्याला तोंडाने सांगितली, माझं चुकलं बाबल, माफ कर. आणि तो बिचारा इतका अवघडला, की दुखऱ्या पायासकट पुन्हा ताठ, सरळ उभा राहिला.