काळे ठिपके आणि बंद केलेली गोळी

डॉ. प्रभाकर टाकळीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते फोनवर ओरडत होते. संभाजीनगरच्या एका रुग्णालयात मेंदूविकार विभागात मी शिकायला आलो, तो पहिलाच दिवस. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला "जरा सौम्य लिहा" असं सुचवलं आहे. क्षमा असावी, जमणार नाही.

समोर गंगापूरच्या रखमाबाई स्ट्रेचरवर होत्या. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित; त्यातूनच गुठळी मेंदूत जाऊन पूर्वी एक झटका आला होता. सरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली आणि बाई आपल्या पायांनी घरी गेल्या. पुढे दुसरीकडे एमआरआय झाला. मेंदूत बारीक काळे ठिपके दिसले, म्हणजे कधीकाळी झिरपलेल्या थेंबभर रक्ताच्या जुन्या खुणा. रिपोर्टात मात्र नुसतं 'रक्तस्राव' लिहिलं आणि तिथल्या डॉक्टरांनी गोळी बंद केली. आता दुसरा झटका आला होता. बाईंची वाचा गेली होती.

"सर, रक्तस्राव वाढला असता तर माझ्यावर आलं असतं," स्पीकरवरून ते डॉक्टर म्हणाले.

"आणि आता कुणावर आलं? तुमच्यावर? त्या बाईवर आलं!" म्हणत सरांनी फोन ठेवला.

बाईंचा मुलगा उत्तम भिंतीशी बसला होता. "डॉक्टरच म्हणले, डोक्यात रक्त सांडलंय, गोळी देऊ नका. म्या नाय दिली. माझंच चुकलं का, साहेब?"

सर त्याच्याशेजारी फरशीवरच बसले. "तुमचं काही चुकलं नाही. चुकलं आम्हा डॉक्टरांचं."

तेव्हापासून विभागात सरांचा दंडक आहे. रिपोर्ट हाती देण्याआधी तो नातेवाइकांसमोर मराठीत बोलून दाखवायचा: ठिपके कुठे, जुने की ताजे, आणि गोळीचं काय. 'रक्तस्राव' एवढं म्हणून थांबणाऱ्याची सर चारचौघांत खरडपट्टी काढतात. काही सहकारी याला तापटपणा म्हणतात. मला प्रश्न पडतो, बाकीच्यांना राग का येत नाही? ठिपके दिसले की रक्तदाब आवरायचा, दोन्हीकडचा धोका तोलायचा, मग गोळीचं ठरवायचं, हे आपण सगळेच शिकलो आहोत. तरी गोळी बंद करणं सोयीचं वाटतं. रक्तस्राव झाला तर डॉक्टरकडे बोट जातं. गुठळीनं झटका आला तर नशिबावर ढकलता येतं. याची चीड येते.

योग्य वेळी सरांनी रखमाबाईंची गोळी पुन्हा सुरू केली. दर तपासणीला सर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसतात, एकेक शब्द निघेपर्यंत थांबतात, बाहेर कितीही गर्दी असो. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "मावशी, गोळी घेता ना?" बाईंचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. मग म्हणाल्या, "व्हय." उत्तम रडला. सरांनी चष्मा काढून पुसला.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांचा राग मात्र शांत होऊ नये. आज सोयगावहून एक गृहस्थ आले आहेत. त्यांचीही गोळी अशीच कुणीतरी बंद केली आहे. बाहेर बाकावर बसून ते सरांची वाट पाहत आहेत. त्यांना अजून बोलता येतं.