होजरीचा पडदा

आई जाऊन महिना झाला. आज तिच्या शिलाई मशीनचं झाकण काढलं, तेलाचा वास आला. रडू काही आलं नाही.

हर्सूलच्या आमच्या एका खोलीच्या घरात ती टी-शर्ट शिवायची. माझ्या बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेआधी उरलेल्या होजरीच्या कापडाचा पडदा शिवून तिनं खोलीचे दोन भाग केले. शिवताना कापड ताणलं गेलं, त्यामुळं खालची कड लाटांसारखी वर गेली.

एका रविवारी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला बघायला पाहुणे बोलावले. आईनं मला पुस्तकासकट पडद्यामागच्या खाटेवर बसवलं. "पाय वर घे, खालून दिसतेत."

पाहुणीबाईंनी विचारलं, "पोरगी कुठंय?"

"पेपरला गेलीय," आई म्हणाली.

"रविवारी व्हय?"

"मग अभ्यासाला गेली असंल मैत्रिणीकडं. चहा घ्या."

अण्णा खाली बघत राहिले. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, दुसरं काहीच जाणवत नव्हतं. घरातली पहिली पदवी माझी. ती तिथं, त्या चहाच्या वेळी ठरत होती, हे आता कळतं.

पाहुणे गेले. आईनं पडदा सारला नाही. पलीकडूनच विचारलं, "किती पानं झाली गं?"