घट्ट हाताची शाल

हेल्वेचा हात घट्ट. स्वभाव वाईट नाही, डोकंही जाग्यावर आहे, पण हात म्हणजे नुसती पक्कड. जन्मभर हाप्सालू गावच्या बेकरीत पीठ मळलं, क्रिंगेलच्या, म्हणजे गोड पावाच्या, वेटोळ्यांना पीळ घातले. तिथं हा हात सोन्याचा होता. पण बाईला हौस विणकामाची! आणि विणकामात घट्ट हात म्हणजे दुश्मनच की हो.

पहिला स्वेटर विणला तो मुलाचा, उर्मासचा. गळ्यातून पोराचं डोकं जाईना. गेलं कसंबसं, तर बाहेर निघेना. पोरगं आत कोकलतंय, ही बाहेर रडतेय, शेवटी बापानं कात्री आणून गळा कापला. दुसरा स्वेटर नवऱ्याचा, एन्डेलचा. त्याची एक बाही मनगटाच्या वर राहिली आणि दुसरी बोटं ओलांडून गेली. कारण काय, तर एक बाही भांडण झालं त्या आठवड्यात विणली होती. एन्डेल बिचारा भला माणूस. "मासे धरायला बरा आहे गं, गळ टाकायचा हात मोकळा राहतो," म्हणायचा, आणि गेला तोवर तोच घालायचा.

आता ह्याच कुटुंबात सल्मेही होती, एन्डेलची थोरली बहीण. सल्मेच्या शाली हाप्सालूत सगळ्यांना ठाऊक. लोकर केसासारखी बारीक, शाल अशी की अंगावर टाकली तरी कळू नये. ह्या घराण्यात पोर जन्माला आलं की पांढऱ्या शालीत गुंडाळून बाप्तिस्म्याला न्यायचं, आणि ती शाल सल्मेची असायची. उर्माससुद्धा सल्मेच्याच शालीत गेला. पोटचा पोर हेल्वेचा, पण तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. "तू क्रिंगेलचं बघ," सल्मे म्हणाली होती. त्या दिवशी हेल्वेनं क्रिंगेलमध्ये वेलदोडा दुप्पट घातला, रागानं. लोकांनी तोही आवडीनं खाल्ला, आणि तिचा संताप आणखीच वाढला.

वर्षं गेली, आणि ऐन थंडीत तालिनहून उर्मासचा फोन आला, "आई, मुलगी झाली, लोरे नाव ठेवतोय, बाप्तिस्मा जूनमध्ये तिकडंच करू," तेव्हा हेल्वेच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

"शाल मी विणणार."

उर्मास चाचरत म्हणाला,

"आई, पण आत्या..."

"आत्याला मी बघते. तू पोरीला बघ."

बोलून तर बसली. पण शब्द मागं घेईल ती हेल्वे कसली!

सल्मेला सांगायला ती स्वतः गेली. सल्मे खिडकीशी विणत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"विण की. मी काय सुया धरून ठेवल्यात तुझ्या?"

"तसं नाही वन्सं, म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

"घातलंस. बरं झालं." सल्मेनं ओळ पुरी केली. "मीही एक विणून ठेवते. असू दे हाताशी. वेळ काय सांगून येते?"

हेल्वेच्या अंगाचा तिळपापड झाला. असू दे हाताशी! म्हणजे माझ्याच्यानं होणार नाही हे धरूनच चालली आहे बया! रस्ताभर ती स्वतःशी बोलत आली, आणि समोरून येणाऱ्या पोस्टमननं गुपचूप पलीकडची बाजू धरली.

नक्षी निवडली तीही हट्टानं, घंटाफुलांची. सोपी पानांची नक्षी घ्यायची की नाही? नाही. बाईसाहेबांना फुलंच पाहिजेत. ह्या फुलांची एकेक कळी म्हणजे जिवाला घोर. एका टाक्यातून सात वेढे काढायचे, आणि परतीच्या ओळीत त्या सातांत एकदम सुई घालून पुन्हा एकच टाका करायचा. वेढे सैल असतील तर सुई अलगद जाते. घट्ट असतील तर जात नाही. हेल्वेचे कसे असणार? सुई जाईना. जोर केला की लोकर तुटायची. लोकर तुटली की उसवायचं, आणि ही लोकर उसवताना पिंजते, म्हणजे तो तुकडा गेलाच. जिभेचं टोक दातात धरून, खांदे कानापर्यंत चढवून ती बसायची, आणि पाच बोटं रुंद विणलं की चार बोटं उसवायची. सगळा हिवाळा असा गेला. बाहेर खाडीवर बर्फ जमला, फुटला, वाहून गेला. शाल आपली तिथंच.

"हात सोड," मंगळवारच्या विणकामाच्या बैठकीत सल्मे म्हणायची. "जिवंत मासा धरल्यासारखी लोकर काय धरतेस? पळून नाही जात ती."

"सोडलाय."

"हा सोडलेला? मग धरलेला कसा असतो बाई!"

सगळ्या बायका हसायच्या. हेल्वेही हसायची, आणि घरी आल्यावर विणकाम चुलीपाशी, सरपणाच्या पेटीत फेकायची. मग पेटीतून काढून काटक्या झटकायची आणि परत बसायची. किती वेळा वाटलं, चुलीतच घालावं सगळं! सून मारिका मधेच फोन करायची. गुणाची पोर, पण बोलायला गेली की नेमकं दुखरं तेच दाबणार. "आई, दमू नका हं तुम्ही. आत्यांची शाल आहेच तयार, नाही झाली तर..."

"होणार," हेल्वे म्हणायची, आणि त्या दिवशी पुन्हा दोन कळ्या तुटायच्या.

पण झाली. खोटं कशाला बोला, झाली. मे संपता संपता मधला चौकोन सुयांवरून उतरला, मग किनारीच्या दोन लांब पट्ट्याही झाल्या. टेबलावर सगळं पसरून हेल्वेनं एकेक ओळ बोटानं तपासली. भिंगसुद्धा आणलं एन्डेलचं. एक चूक सापडेना. तिला रडूच आलं. एकटीच होती, कुणाला दाखवणार? केटली ठेवली, कॉफी केली, आणि शालीवर सांडेल ह्या भीतीनं ती दाराबाहेर उभी राहून प्याली.

आता उरली फक्त किनार शिवायची. इथं सल्मेला विचारायला काय झालं होतं? पण नाही! इतकं एकटीनं केलं, आता शिवणासाठी कोण त्या दारात जातंय! शिवण तर लहान पोरीलाही येते. हेल्वेनं लोकर दुहेरी घेतली, म्हणजे मजबूत होईल, आणि टाके जवळजवळ, ओढून ओढून घातले. पिठाची पोती अशीच शिवायची असतात. एक कणही बाहेर पडत नाही.

शुक्रवारी तिनं शाल साबणाच्या कोमट पाण्यात धुतली आणि खुंट्यांच्या चौकटीवर ताणायला घेतली. ओली शाल ताणली की नक्षी उघडते, तोवर ती नुसतं बोचकं दिसते. एक बाजू लावली. दुसरी ओढली, ती खुंटीपर्यंत पोचेना. आणखी ओढली. मधली जाळी फुगून वर आली आणि किनार नाडी आवळल्यासारखी आत पळाली. कोपऱ्यात कट्‌ असा आवाज झाला.

हेल्वे खालीच बसली. ओल्या हातांनी कपाळ बडवून घेतलं. रविवारी बाप्तिस्मा. उद्या उर्मास, मारिका आणि पोरगी येणार. आणि तिकडं ती दुसरी शाल, सल्मेची, कपाटात घडी घालून तयार. असू दे हाताशी!

ती खूप रडली. मग तोंड धुतलं, शाल टॉवेलात गुंडाळली आणि सल्मेचं दार वाजवलं.

सल्मेनं टॉवेल उघडला. किनारीवरून अंगठा फिरवत गेली, मधल्या चौकोनावरून फिरवत गेली, एके ठिकाणी थांबली, परत किनारीवर आली.

"पोती शिवलीस काय गं?"

"वन्सं, आज नका बोलू. हात जोडते."

"कोपऱ्यात शिवणीचा धागा गेलाय फक्त. जाळी धड आहे. सगळी शिवण काढायची, एकेरी लोकरीनं सैल शिवायची, कोपऱ्यांत किनार भरपूर चुणायची. ठेव इथं. उद्या दुपारपर्यंत देते करून."

हेल्वेनं शालीवर हात ठेवला. द्यायचा मोह झालाच. पण सल्मेचा टाका लागला की संपलं, मग शाल सल्मेची.

"तुम्ही नका शिवू. दाखवा मला. मीच शिवणार."

"तुझ्या ह्या हातांनी?"

"दुसरे कुठून आणू?"

सल्मेनं तिच्याकडं पाहिलं, मग खुर्ची ओढून दिली. उरलेली दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्या दोघी समोरासमोर बसल्या. हेल्वे टाका घाली आणि सल्मे तिच्या मनगटावर चापटी मारी. "सैल. सैल गं! तो काय खुनी आहे, बांधून ठेवतेस?" हेल्वे उसवी, पुन्हा घाली, पुन्हा चापटी. मनगट लाल झालं. एकदा तर सुई टेबलावर आपटून ती ओरडली, "मग घ्या, तुम्हीच शिवा एकदाची!" आणि सल्मेनं हात पुढं केला तशी झडप घालून सुई परत उचलली. ह्या वयात दोन म्हाताऱ्या! पण शिवण पुरी झाली. चौकटीवर ताणली तेव्हा किनार खुंटीखुंटीवर जाऊन बसली, आणि घंटाफुलं उघडली.

रविवारी लोरे पांढऱ्या शालीतून चर्चमध्ये आली. पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं तेव्हा जरा कुरकुरली आणि झोपून गेली. हेल्वेचं लक्ष पाळकांच्या बोलण्याकडं नव्हतंच. ती शालीकडं बघत होती आणि स्वतःच्या हातांकडं बघत होती, आणि आपण रडणार नाही असं मनाशी घोकत होती.

मग शेजारच्या खोलीत कॉफी. काळ्या पावावर मासळी, अंडी, बटाट्याचं सॅलड, आणि मधोमध क्रिंगेल. हेल्वे ताटल्या फिरवत होती. मारिका पोरीला घेऊन बसली होती, आणि भोवती चर्चच्या गायनमंडळातल्या बायका जमल्या. आल्मा त्यांतली सगळ्यांत मोठ्या आवाजाची. तिनं शालीवर हात फिरवला.

"अगं बाई सल्मे! हात काय गं तुझा! ह्या वयातही काय कळ्या, काय किनार! लांबूनच ओळखलं मी."

"सल्मेचा हात कुठं लपतोय?" दुसरीनं री ओढली.

"भाग्याची गं पोर," तिसरी म्हणाली.

मारिका काहीतरी बोलायला गेली, पण तिचा बारीक आवाज त्या कालव्यात कुणाला ऐकू येणार? हेल्वे ताटली धरून उभीच. काय म्हणायचं? माझी आहे म्हणायचं? भर समारंभात, लहान पोरीसारखं? आणि विश्वास कोण ठेवणार? जिच्या स्वेटरचा गळा कात्रीनं कापावा लागला ती हेल्वे! सल्मे शांतपणे क्रिंगेल चावत होती. गिळणार ही, हेल्वेला वाटलं. एवढा हिवाळा माझा, आणि ही कॉफीच्या घोटाबरोबर गिळून टाकणार!

सल्मेनं घास संपवला, तोंड पुसलं.

"माझी?" ती म्हणाली. "आल्मा, डोळ्यांवर झापड आलीय काय गं तुझ्या?"

ती उठली, मारिकापाशी गेली आणि झोपल्या पोरीवरचा शालीचा काठ उचलून धरला.

"हे बघ. ह्या फुलाच्या देठाला कळ्या मोज. एक कमी आहे. राहून गेलीय. देठ बोडका तो बोडका! मी असलं विणीन? आणि ह्या कळ्या बघ, कशा आवळल्यात, वाटाण्यासारख्या कडक. माझ्या कळ्या अशा असतात? ही हेल्वेची शाल आहे. पहिल्या टाक्यापासून किनारीच्या शेवटच्या टाक्यापर्यंत हिची. एक टाका लावू दिला नाही मला, हट्टी मेली."

मग सगळ्या बायका वाकून वाकून ती राहिलेली कळी शोधायला लागल्या. "कुठं गं?" "ही बघ, इथं." "हो की!"

हेल्वेचं तोंड लालबुंद झालं. राहून गेली? भिंगातून बघितलं होतं तिनं! सगळा हिवाळा डोळे फोडले, आणि चार लोकांत, पोरीच्या बाप्तिस्म्याला, असं जाहीर?

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

"शुक्रवारी. टॉवेल उघडला तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर उसवायला बसली असतीस. ओळखत नाही मी तुला? मग पोरीला काय, माझ्या शालीत आणायचं होतं?"

हेल्वेला काय वाटलं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ह्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असंही वाटलं आणि तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरावं असंही वाटलं. उर्मास दारातून बघत होता. आल्मा काठावर बोट ठेवून अजून कळ्या मोजत होती, आणि सल्मे तिला दाखवायला काठ आणखी ओढत होती.

हेल्वेनं ताटली टेबलावर ठेवली.

"सोडा तो," ती म्हणाली. "ओढू नका. माझी शाल आहे ती."

सल्मेनं काठ सोडला, आणि हेल्वेनं तो लोरेच्या हनुवटीखाली सैलसर खोचला.