माशीमांच्या पाण्यावरचं कलिंगड

"घागरीवर? ते कलिंगड? अहो, घागर फुटेल!"

"वर कुठं ठेवतोय? शेजारी पाट मांडू, पाटावर ठेवू."

"नको."

"अगं, पण का नको?"

"नको म्हणजे नको. सियालदहला खरबुजांचे ढीग पडलेत. एक चांगलं वासाचं घेऊन या."

"घरात हत्तीच्या पिल्लाएवढं फळ लोळतंय आणि माझ्या आईला बाजारातलं? उद्या आखाजी आहे, सुनीती. वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावानं घागर भरतो आपण."

"म्हणूनच नको म्हणतेय," सुनीती म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

दत्तात्रय भालोदकरांनी दाढीचा ब्रश खाली ठेवला. एका गालावर साबण तसाच. सरकारी हिशेब खात्यातला माणूस. 'म्हणूनच' आलं की मागं कारण असणार, आणि ते हाती लागेपर्यंत कागद पुढं सरकायचा नाही.

"म्हणूनच म्हणजे?"

"भाजी लागतेय," म्हणत ती आत पळाली. भाजी अजून चिरलीसुद्धा नव्हती.

विळी पुढ्यात घेऊन ती नुसतीच बसून राहिली. खिडकीतून मागचं परसू दिसत होतं. परसू कसलं, डमडमच्या त्या भाड्याच्या घरामागचा, दोन दोऱ्या बांधून कपडे वाळत घालण्याएवढा तुकडा. त्यात कडेनं दोडक्याचा मांडव, आणि मधोमध भाताच्या पेंढ्यावर, ओलं गोणपाट पांघरून ते पहुडलं होतं. दत्तात्रयांच्या कवेत मावणार नाही असं, काळपट हिरवं, गुळगुळीत.

सुनीती तापीकाठची. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत वाड्या पडायच्या आणि परकऱ्या पोरी अनवाणी चटके खात कलिंगडं बघायला जायच्या. लग्न झालं, आणि ती नवऱ्याच्या बदल्यांमागं नागपूर, झाशी करत फिरू लागली. सासूबाई बरोबर. कडक बाई. घरात कांदा-लसूण नाही, मोलकरणीला विचारून घ्यायच्या, तू काय खाऊन आलीस म्हणून. झाशीच्या अंगणात सुनीतीनं हौसेनं काकडी लावली. कोवळ्या फळाला बोट दाखवलं तर ते कुजतं, हे तिला ठाऊक होतं. ती बोट वाकवूनच दाखवायची. तरी काकडी कुजली. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "हिच्या हाताला यशच नाही."

रागावून म्हणाल्या असत्या तर विसरली असती. पण त्या नुसतं, आज हवा पडलीय म्हणतात तसं म्हणाल्या. पुढं झाशीतच त्या गेल्या. वाक्य मात्र सामानाबरोबर कलकत्त्याला आलं.

गेल्या उन्हाळ्यात इथं पहिला वेल लावला. फळं लिंबाएवढी झाली, पिवळी पडली, गळाली. सुनीती ती ओच्यात गोळा करत होती तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला.

"बौमा, तुम्हारा गाछ भूखा है."

या मीनाक्षी सरकार. पूर्व बंगालातलं घर, दारचं तळं, नारळी सगळं मागं टाकून आलेल्या. सारी गल्ली त्यांना माशीमा, म्हणजे मावशी म्हणे, आणि सुनीती त्यांची बौमा, सूनबाई. भिंतीवर एक बादली आली. आत गढूळ पाणी, त्यात रुपेरी खवले तरंगत होते. रोहू धुतलेलं पाणी.

सुनीतीनं पदर नाकाला लावला. "माशीमा, हम लोग मछली नहीं खाते."

"तुम को कौन खाने बोला? गाछ खाएगा."

सुनीतीनं त्या दिवशी बादली परत केली. पण माघात नवं बी रुजलं, वेलानं दोन पानं वर काढली, आणि तिच्या कानात ओसरीवरचा तो आवाज आला. दत्तात्रय ऑफिसला गेले तशी ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "माशीमा... जल?"

मग तो नेमच झाला. नाक दाबून पाणी बुंध्याशी ओतायचं, वरून माती सारायची, हाताला लिंबू चोळायचं, पुन्हा डोक्यावरून आंघोळ. "कलकत्त्याचा उकाडा!" दोनदा ओलं होणारं लुगडं बघून दत्तात्रय हळहळायचे. एकच गोष्ट त्यांना कळत नव्हती. "या मांजरांचं आपल्या कलिंगडाशी काय नातं आहे गं? सगळ्या गल्लीतली इथंच येऊन लोळतात."

"सावली असते ना वेलाखाली," सुनीती म्हणायची.

वेलावर एक फळ ठेवून बाकीची तिनं खुडून टाकली. खुडताना मान फिरवायची. राहिलेलं एक मात्र सकाळी बघावं तर रात्रीतून फुगलेलं. दत्तात्रयांना इतका अभिमान, की येईल त्याला परसात न्यायचे. "ते बघा!"

"बोट वाकवा!" आतून सुनीती ओरडायची.

चैत्र संपता संपता वादळ आलं, गारांचं. ती धावली तोवर दत्तात्रयच परात डोक्यावर धरून वेलापाशी पोचले होते. फळावर ओणवे झाले, आणि पाठीवरच्या परातीवर गारांचा ताशा वाजू लागला. तसेच भिजत ते ओरडले, "आई असती तर तिला दाखवलं असतं! म्हणालो असतो, बघ, कुणाच्या हाताला यश नाही ते!"

म्हणजे त्यांनीही ते वाक्य जपून ठेवलं होतं. सुनीतीला ठाऊकच नव्हतं. आखाजीच्या घागरीचं त्यांच्या मनात आलं ते त्या दिवसापासून.

आणि तिच्या मनात का नव्हतं? सासूबाईंच्या नावानं भरलेली घागर, शेजारी तिच्या हातचं हे एवढं फळ. याच एका गोष्टीसाठी तर दोन-दोन आंघोळी केल्या होत्या. पण ज्या बाईनं उभ्या जन्मात लसणाची पाकळी शिवली नाही, तिच्यापुढं रोहूवर पोसलेलं फळ, तेही गुपचूप? सुनीतीला सासूबाईंना हरवायचं होतं. फसवायचं नव्हतं.

"बौमा! जल निये जाओ!"

सुनीतीच्या हातून दोडका सुटला. आज रविवार! कलिंगडाचं पाणी पिकायला लागल्यापासून तोडलं होतं, पण दोडक्याचं चालू होतं, आणि माशीमांना वारांशी देणंघेणं नव्हतं.

ती मागच्या दारात पोचली तोवर उशीर झाला होता. अर्ध्या दाढीचे दत्तात्रय भिंतीपाशी होते, आणि शेजारधर्म म्हणून त्यांनी बादली अदबीनं दोन्ही हातांत घेतली होती. मग त्यांनी आत पाहिलं.

"ये... क्या है?"

"रुई माछ का जल," माशीमा कौतुकानं म्हणाल्या. "तुम्हारा तरमुज इसी से तो हाथी हुआ, बाबू!"

"पण कल तो... वो फल कल पूजा में... मेरी माँ के लिए..."

"हाँ, तो?"

"मछली!"

"घड़े में पानी कौन सा भरेगा?"

"गंगा का."

"गंगा में क्या कद्दू तैरता है?" माशीमांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या आत निघून गेल्या. चुलीवर मासा होता.

दत्तात्रय बादली अंगापासून लांब धरून दारापर्यंत आले. पायरीवर ठेवली. एक मांजर लगेच आलं.

"मांजरं," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या दोन आंघोळी."

"हो."

ते मांडवाकडं बघू लागले. "परवाचा दोडका?"

"तोही."

"मी दोनदा वाढून घेतला."

"तीनदा," सुनीती म्हणाली. मग पदर खोचून ती उंबऱ्यात नीट उभी राहिली. आता आत पळण्यात अर्थ नव्हता. "ऐका. सासूबाई म्हणायच्या, माझ्या हाताला यश नाही. आलं ते हे असं आलं, माशीमांच्या पाण्यावर. मी तुमच्यापासून लपवलं, चुकलं माझं. पण त्यांच्यापुढं लपवून नाही ठेवायचं मला काही. सगळं ठाऊक असून ठेवणार असाल तर ठेवा. नाहीतर खरबूज आणा, मी एका शब्दानं बोलणार नाही. सांगा, ठेवणार आईंच्या घागरीपाशी?"

दत्तात्रयांनी पंच्यानं गालावरचा वाळलेला साबण पुसला. एक गाल गुळगुळीत, एक तसाच. मग ते देवघरात गेले. भिंतीला टेकवलेला मोठा पाट, आई जेवायला घ्यायची तो, त्यांनी उचलून बगलेत मारला. खुंटीवरचा विळा घेतला. दारातल्या सुनीतीला वळसा घालून ते पायऱ्या उतरून परसात, कलिंगडाच्या वेलापाशी गेले.