दोन ओहोट्या

बिउब्वा मकामेचे स्पंज समुद्रात दोरीवर वाढत. मुळात ही जात प्रवाळाच्या खडकाला चिकटून राहणारी. वरून डांबरासारखी काळी, हाताला ओल्या चामड्यासारखी. डोळे नाहीत, तोंड नाही, पोट नाही. अंगावरच्या असंख्य भोकांतून दिवसभर पाणी आत ओढायचं, त्यातलं खाण्याजोगं ठेवून उरलेलं सोडायचं, एवढाच उद्योग. बोटाएवढा तुकडा दोरीत ओवला की दीड वर्षात मूठभर होतो. तोवर दर दोन दिवसांनी घाण पुसायची, तीही पाण्याखालीच. एकदा हवा भोकांत शिरली की स्पंज आतून सडतो.

तलाकनंतर, चौतिसाव्या वर्षी, बिउब्वा यासाठी पोहायला शिकली. शेजारीण सलहा म्हणायची, "स्वतःच्या घरात न्हाणीघर नाही, आणि बाई दुसऱ्यांच्या न्हाणीघरातले स्पंज धुतेय." बिउब्वा हसून सोडून द्यायची. दोनशे साठ स्पंज विक्रीला आले होते. त्यांच्या पैशांतून घरावर गळक्या नारळी झापांच्या जागी पत्रे चढणार होते. तेवढ्यात तिला विषमज्वर झाला. आठ दिवस ती शहरातल्या इस्पितळात होती.

घरी म्हातारी आई, बी मिझे. तिने तीस वर्षं याच उथळ पाण्यात समुद्री शेवाळ पिकवलं होतं. पाणी तापत गेलं तसं ते संपलं. शेवाळाची रीत अशी, की ओहोटीला दोरी वर उचलायची, झटकायची, पुन्हा बांधायची.

बिउब्वा परतली तेव्हा आईने नारळाच्या रसातली मासळी वाढली आणि सांगितलं, की तुझ्या दोऱ्या अशा लख्ख झटकल्यात की ओळखणार नाहीस. किती वेळा, असं बिउब्वाने विचारलं. दोन ओहोट्या, म्हणाली.

सकाळी पाण्यात स्पंज जसेच्या तसे काळे दिसत होते. बिउब्वाने एक दाबला. अंगठा आत गेला आणि पांढरट पाणी सुटलं. टोकाच्या खोल दोरीवर म्हातारीचा हात पोचला नव्हता. तिथले अकरा तेवढे जिवंत होते.

गरम पाण्याने मेले, असं सांगितलं असतं तर गावाने मान डोलावली असती. पण बारा दिवसांनी पुन्हा मोठी ओहोटी होती, आणि आई पुन्हा दोऱ्या झटकायला गेलीच असती.

"आई, स्पंज पाण्याबाहेर काढला की मरतो."

बी मिझे चटईची पट्टी विणत होती. तिचे हात थांबले. "हे तुला कधी कळलं?"

"शिकवलं त्या पहिल्याच दिवशी."

"त्या दिवशी मी विचारलं होतं, कसं करतात ते. तू म्हणालीस, हे तुझं शेवाळ नाही, तुला नाही कळायचं."

बिउब्वा तसं म्हणाली होती.

पुढच्या ओहोटीला शिंपले वेचायला निघालेल्या बायकांनी दारातून हाक मारली. बी मिझेने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, आणि नंतरही ती किनाऱ्यावर गेली नाही. बिउब्वाने अकरा स्पंज पाण्याखालीच कापले आणि एकेक तुकडा ओवला. दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते तिने गुडघ्यांत धरलं.