बेक्काच्या धारेवरचं टेंगूळ

मी बसलो आणि डोंगराचं टेंगूळ पडलं.

माझं वजन गावात कुणापासून लपलेलं नाही. पण बेक्का डोंगराच्या धारेवर वाऱ्याने थापून थापून घट्ट केलेला बर्फाचा उंचवटा दिसला, अगदी माझ्या मापाचा, तेव्हा मला वाटलं हा माझ्यासाठीच राखून ठेवलाय. स्कीच्या स्पर्धेत स्पर्धकांचे कोट सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं आणि पहिला स्पर्धक अजून यायचा होता. उंचवट्यावर बसून राय धान्याचा पाव आणि चीज संपवलं, उठताना दोन्ही हात टेकले, आणि अख्खं टेंगूळ धारेच्या मागच्या बाजूने घरंगळत गेलं. मी चार पायांवर उरलो.

"बाझील, तुला काही झालं?" सुरुवातीच्या दोरीपाशी उभा असलेला रेमी ओरडला.

"नाही रे, डोंगरालाच झालं."

आम्ही दोघं हसलो. भाची वर येईपर्यंत हसत होतो.

ओरियान माझ्या बहिणीची मुलगी. वय एकोणीस. उन्हाळाभर बापाच्या काळ्या गाई घेऊन वरच्या कुरणात राहते. गाई शिंगाला शिंग लावून झुंजतात आणि ही पोरगी त्यांच्याकडे पाठ करून समोरच्या बेक्काकडे बघत बसते. बाप म्हणतो, "लग्न कर त्याच्याशी एकदाचं!" लहानपणी गोठ्याच्या छपरावरून स्की लावून उडी मारली, खांद्याचं हाड मोडलं, आणि शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "उतरले कशी, सरळ की तिरकी?"

यंदा बापाशी करार झाला होता. आजच्या स्पर्धेत पहिल्या दोघींत आली तर मोठ्या स्पर्धांच्या मालिकेत जायचं. नाही आली तर हिवाळ्यातही गोठा, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

आमच्या या स्पर्धेत आखलेली वाट नसते. अख्खा कडा मोकळा, पण आधी त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. खालून दुर्बिणीने पाहायचं, खडक न् खडक पाठ करायचा आणि एकदाच उतरायचं. जितकी अवघड वाट, तितके गुण.

ती स्की पाठीवर बांधून धारेवर आली, धापा टाकत इकडेतिकडे पाहिलं आणि थांबली.

"मामा, इथलं टेंगूळ कुठंय?"

माझ्या हनुवटीवर पावाचा भुगा होता. तिने तो पाहिला.

"बसलास?"

"जरासा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती टोकाशी जाऊन खाली वाकून बघू लागली. वरून कडा दिसत नाही; दोन हातांवर उतार वळतो आणि पुढे नुसतं आकाश. खालून तिने टेंगूळ हीच खूण धरली होती; त्याच्यापासून डावीकडे दोन स्कींच्या अंतरावर खडकांमधली घळ होती, दाराएवढी रुंद. तिची वाट तीच. थोडं इकडेतिकडे झालं तर खाली उघडा खडक.

"उजवीकडून जा ना," मी म्हणालो. "तिकडे मोकळा उतार आहे. सगळ्या तिकडूनच जाणार."

"म्हणून तर सगळ्या पाचव्या येतात. कुठे बसला होतास ते दाखव."

मी दाखवलं. मग जरा सरकून पुन्हा दाखवलं.

"नक्की?"

"नक्की. म्हणजे, साधारण."

"साधारण मरू का मी?"

रेमीने हाक दिली, "ओरियान, पहिली तू!" धारेवर आमच्याच पायांचा चिखल झालेला, खूण कशाचीच नाही. ती गुडघ्यांवर बसून बर्फ चाचपू लागली. अचानक तिने काहीतरी उचललं. चीजची साल.

"घरी साल कुठल्या हाताला टाकतोस?"

"डाव्या. पिलू तिथेच बसतो ना." पिलू आमचा कुत्रा. वर तो नव्हताच, पण हाताला ते कोण सांगणार.

"दरीकडे तोंड करून बसला होतास?"

"हो."

तिने सालीपासून उजवीकडे माझा एक हात मोजला. खरोखर माझाच हात, मला आडवं पाडून. तिथे काठी रोवली. मग काठीपासून डावीकडे दोन स्की. पायात स्की अडकवल्या, गॉगल खाली ओढला.

"ओरियान, अजूनही उजवीकडून..."

ती गेली. टोपीचा लाल गोंडा दिसला, मग तोही नाही.

वरून काही दिसत नव्हतं. कान तेवढे होते. खाली तिचा बाप झुंजीत जिंकलेल्या गाईची मोठी घंटा घेऊन उभा होता. पोर सुखरूप उतरली की वाजवणार होता. स्कीची एक खरखर आली. मग काही नाही. मग दगडावर लोखंड घासावं तसा एक आवाज. रेमीने रेडिओ कानाला लावला आणि माझ्याकडे बघेना. मी ती साल कधी उचलली आणि चावू लागलो, मला पत्ता नाही.

घंटा वाजली. आधी एकदा, मग वेड लागल्यासारखी.

ओरियानचा नंबर दुसरा आला. घळीच्या तोंडाशी डावी स्की खडकाला घासली होती, तळाला बोटभर चीर. बाप ती चीर सगळ्यांना दाखवत होता, जसं काही त्यानेच पाडली.

संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात, शेगडीवर चीज वितळत असताना, मी ओरियानला हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी कोट सांभाळायला मीच येऊ ना गं वर?"

"कुत्र्याला पाठव."