चोथा, कॉफी आणि रुल्फीनचा हौद

ग्रोनिंगनकडच्या कालव्याकाठी बटाट्यापासून स्टार्च काढायचा कारखाना आहे. रुल्फीन त्याच्या प्रयोगशाळेत जन्मभर राबली. स्टार्च निघाल्यावर उरलेला ओला चोथा गाईंना जाई, आणि त्यावर कुणाची हरकत नव्हती. तिची होती. माणसाच्या पोटाला लागणारा तंतू त्यात आहे, मग तो गाईंनीच का खावा? तिचा धाकटा भाऊ हार्म गाई पाळायचा. तो गावभर सांगे, आमची ताई गाईंच्या घासावर टपलीय.

कारखान्यानं तिला प्रयोगापुरता एक हौद दिला होता. त्यात चोथ्यावर एन्झाइम घातलं की पेशींच्या भिंती सैल होतात, पाण्यात विरघळणारा तंतू मोकळा होतो. पण एन्झाइमला थांबायची अक्कल नसते. वेळेवर तापवून त्याला मारलं नाही, तर ते तंतूही कुरतडून साखर करून ठेवतं. लवकर थांबवावं तर लगदा खरखरीत. मधली वेळ सापडत नव्हती, आणि हंगाम संपला की हौद काढून घेणार, असं कारखान्याच्या होविंगसाहेबांनी बजावलेलं.

त्यात तिच्या मैत्रिणीचा, आल्त्येचा वाढदिवस आला. डच रिवाजाप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण, मग वाढदिवसवालीच्या नवऱ्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचे हात हातात घेऊन अभिनंदन. दुसऱ्या कॉफीआधी उठणं म्हणजे उर्मटपणा. हौदात खेप लावलेली असूनही रुल्फीन दुसऱ्या कॉफीपर्यंत बसली. परतली तेव्हा हौदात नुसतं गोड पाणी.

शेवटची खेप लावली, तो दिवस नेमका तिच्याच वाढदिवसाचा. आता हिला सुटका कुठली?

"हौद काही कॉफीला येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच खुर्च्या घेऊन तिकडे चला."

लोकांनी नाकं मुरडली, पण केकसकट आले. दर हस्तांदोलनानंतर ती चमचाभर लगदा बोटांत चोळून बघे. होविंगसाहेबांची पाळी आली तेव्हा लगदा लोण्यासारखा लागला. साहेबांचा हात तसाच हवेत सोडून तिनं वाफ सुरू केली.

तो तंतू वाळवून तिनं पावात घातला आणि हार्मपुढे ठेवला. त्यानं संशयानं चावला, मग निमूट दुसरा तुकडा उचलला.

"पावासारखाच लागतो की," तो म्हणाला. तिला एवढंच ऐकायचं होतं. पण त्याचं तोंड पडलं. "मग माझ्या गाईंनी काय खायचं, ताई?"

याचा तिनं विचारच केला नव्हता.

"तंतू काढूनही काहीतरी गाळ उरतोच," ती म्हणाली. "साहेबांनी हौद ठेवलाय ना आता. बघते त्यात काय आहे. तुझ्या गाईंना विचारूनच ठरवू."